शेकड्याचा भाव

सकाळचे साडेसहा. पुण्याबाहेरच्या या ठोक दुकानासमोर टेम्पो लागलाय. हमाल पेटी पोटाशी धरून उतरवतो आणि ठेवताना आधी एक कड टेकवतो. एका पेटीत सात ट्रे, म्हणजे २१० अंडी.

मालक पेट्यांकडे बघतही नाहीत. ते मोबाइलकडे बघतायत.

"शेकड्याला पंधरा खाली," ते पोऱ्याला सांगतात. "श्रावण."

पोऱ्या पाटीवरचा कालचा आकडा ओल्या फडक्यानं पुसतो. हा रेट 'एनईसीसी'चा, म्हणजे नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटीचा. तो सरकारी असेल असं गिऱ्हाइकांना वाटतं, पण ही संस्था कोंबडीपालकांची. अंड्याला सरकारी हमीभाव नाहीच. पूर्वी व्यापारी म्हणतील तो भाव होता. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानं शेतकरी एकत्र आले आणि आपला भाव आपणच सांगू लागले. दूरदर्शनवरची 'संडे-मंडे'चं 'अंडे'शी यमक जुळवणारी जाहिरातही त्यांचीच. कागदोपत्री हा भाव नुसता सुचवलेला, कुणावर बंधन नाही. इथे मात्र पाटी त्याच्याशिवाय लिहिली जात नाही. आणि वर्षभर रोज अंडी खायला सांगणाऱ्यांचा भाव श्रावण गुपचूप पाडतो, याची मला गंमत वाटते.

भुर्जीच्या गाडीवाला येतो. तडा गेलेली अंडी वेगळ्या ट्रेमध्ये काढून ठेवलीयत. त्यांचा भाव कुठल्याच मोबाइलवर येत नाही, तो दोघांच्या घासाघिशीत ठरतो.

गल्ल्याशेजारी सहा-सहाचे बंद डबे रचलेत. त्यांच्यावर परवाना क्रमांक, तारीख, मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण, सगळं आहे. सुट्या ट्रेवर काहीच नाही. अंडं कधीचं, कुठल्या फार्मचं, हे मालकांच्या तोंडी. समोरून जाणारा बहुतेक माल मात्र सुटाच.

सव्वासातला एक शिक्षिका स्कूटी लावतात.

"या मॅडम. आज किती?"

"तीनच ट्रे द्या. श्रावणात निम्मी पोरं केळंच मागतात."

शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा पैसा थांबवला. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, म्हणाले. अंड्यावर बंदी नाही, अंड्याला पैसेही नाहीत. गावात वर्गणी मागत फिरायचं ते बाईंनी.

"पावती शाळेच्या नावानं द्या. आणि आजच्याच भावानं लावा हं, कालच्या नाही."

मालक हसतात. "पाटी बघा की. आजचाच."

बाई पाटी बघतात, पर्समधल्या वहीत आकडेमोड करतात. भाव उतरल्यानं थोडे पैसे उरतायत. त्या आणखी दोन अंडी सुटी मागून घेतात. स्वयंपाकाच्या मावशींची मुलगी आणि तिची मैत्रीण अजून शाळेत नाहीत, पण सुट्टीत रांगेला असतात. पोऱ्या ट्रेवर उलटा ट्रे ठेवून सुतळी बांधतो.

"पुढच्या बुधवारी किती काढून ठेवू?" मालक विचारतात.

"वर्गणी आली की फोन करते," स्कूटी सुरू करत बाई म्हणतात.