नव्याचे नऊ दिवस आणि एक कॅमेरा

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी नातीचे बारसे झाले. त्या निमित्ताने धाकट्या मुलाने नवा कॅमेरा आणला. तो चाकणच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. दिवाळीच्या बोनसचे पैसे त्याने राखून ठेवले होते. बारशाचे दोन-अडीचशे फोटो निघाले. पाहुणे गेले, मांडव उतरला आणि कॅमेरा डब्यात घालून कपाटात गेला. मुलाला कारखान्याच्या पाळ्या, सुनेला लहान मूल. कॅमेऱ्याला हात लावायला सवड कुणाला?

मी शेतकरी माणूस. अवजार पडून राहिले की माझा जीव तुटतो. औत कोपऱ्यात टाकले तर गंजते, तसेच हेही. म्हणून एके दिवशी कॅमेरा बाहेर काढला. सौ. म्हणाली, "अहो, साठी आली. पोरांची खेळणी कशाला हातात घेता? नव्याचे नऊ दिवस!"

त्याला आता सात महिने झाले. या सात महिन्यांत मी कॅमेरा घेऊन फार लांब गेलो नाही. बांध, नदी, बाजार आणि आमचा जुना आंबा एवढाच माझा प्रवास. पण साठ वर्षे ज्या वाटेने गेलो, तीच वाट नव्याने पाहिली. तेच आज वाचकांना सांगायचे आहे.

आमचे निघोजे गाव खेड तालुक्यात, इंद्रायणीच्या काठी. नदी देहूहून निघून आळंदीला जाते, तिच्या वाटेवर आम्ही. पलीकडच्या तीरावर पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द आणि अलीकडे चाकणची वसाहत. २००९ साली फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना येथे सुरू झाला, तेव्हा त्याच्या पत्त्यातही निघोज्याचे नाव लागले. कारखान्यात कामाला माणसे रोज येतात. पण निघोज्याला कुणी मुद्दाम फोटो काढायला येत नाही. मलाही आधी वाटले, येथे काढण्यासारखे आहे काय?

दारे धरण्याचा हिशेब

पहिल्या दिवशी भर दुपारी शेतात गेलो आणि चाळीस फोटो काढले. घरी येऊन पाहतो तो काय, कुठे नुसते पांढरे फटक, तर कुठे काळाकुट्ट अंधार. मुलाने मग रात्री जेवणानंतर समजावून सांगितले. ते मला कळले ते आपल्याच भाषेत.

वाफ्याला पाणी देताना आपण दोन गोष्टी पाहतो. दार किती उघडायचे आणि पाणी किती वेळ सोडायचे. दार मोठे केले तर वाफा लवकर भरतो, बारीक ठेवले तर वेळ लागतो. कॅमेऱ्यातही तसेच आहे. भिंगामागचे छिद्र म्हणजे दार. शटर उघडे राहते तो पाण्याचा वेळ. पाण्याच्या जागी प्रकाश. तिसरी गोष्ट आयएसओ, म्हणजे कॅमेरा थोड्या प्रकाशावर किती भागवून घेतो ते. जिराईत ज्वारी थोडक्या ओलीवर येते, पण दाणा जरा हलका भरतो. तसे आयएसओ फार वाढवले की फोटोवर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात.

उडणारा बगळा टिपायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढेच उघडायचे. उभ्या झाडाला साठावा भागही पुरतो, मात्र हात हलता कामा नये. मी कोपर बरगडीला टेकवतो आणि श्वास रोखून कळ दाबतो.

दुसरा धडा गोठ्यात मिळाला. आमची म्हैस काळीभोर, पण फोटोत ती राखाडी आली आणि मागचे अंगण पांढरे पडले. शेजारच्यांचा बैल दुधासारखा पांढरा, तो मळकट आला. कॅमेऱ्याला म्हैसही ठाऊक नाही आणि बैलही ठाऊक नाही. समोरचे सगळे मिळून मध्यम राखाडी असणार, असे धरून तो प्रकाश मोजतो. म्हणून चौकट म्हशीने भरली तर प्रकाश थोडा कमी करायचा, पांढऱ्या बैलाने भरली तर थोडा वाढवायचा. कॅमेऱ्यावर त्यासाठी अधिक-उणे अशी खूण असते. यंत्र शहाणे खरे, पण मालकाला जनावर ओळखावेच लागते.

बारा फोटोंचा जमाना

आमच्या लहानपणी कॅमेरा म्हणजे अपूर्वाई. तालुक्याचा फोटोग्राफर लग्नाला यायचा, तिकाटण्यावर पेटी ठेवून डोक्यावर काळे फडके घ्यायचा. वऱ्हाडातल्या कुणाचा डोळा मिटला, तर तो जन्मभर मिटलेलाच. पुढे आगफा क्लिक थ्री नावाचा साधा कॅमेरा आला. तो आपल्याकडे बडोद्याला तयार होत असे. एका रिळात बारा फोटो. १९६० साली उटीला स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्मही मिळे. आता तो कारखाना बंद पडला आहे.

त्याही आधीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. फोटोची कला पॅरिसमध्ये १८३९ साली जगापुढे आली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी पुढे होते. तेही डॉक्टर. फोटो हा त्यांचा छंद. पण त्यांनी टिपलेल्या त्या काळच्या माणसांमुळे आज आपल्याला जुने पोशाख, पागोटी आणि चेहरे पाहायला मिळतात. त्या काळी काचेच्या पाटीवर औषध लावून, ती ओली आहे तोवरच फोटो काढावा लागे आणि लगेच धुवावा लागे. सोबत अंधारा तंबू बाळगावा लागे. आपल्या हाती आज एवढे सोपे यंत्र आहे आणि आपण त्याने काय टिपतो? जेवणाचे ताट आणि स्वतःचे तोंड!

दिसते तसे नसते

माघातल्या एका पहाटे नदीवर गेलो. धुके होते. बंधाऱ्याखाली पाण्यावर पांढरे पुंजके तरंगत होते आणि कोवळे ऊन पडून ते गुलाबी झाले होते. मी हरखून वीस-पंचवीस फोटो काढले. घरी दूरदर्शन संचावर लावून दाखवले. मुंबईहून आलेली मेहुणी म्हणाली, "अगबाई, बर्फच जणू!"

सौ. काही बोलली नाही. बराच वेळ पाहून मग म्हणाली, "याच पाण्यात मी लग्न होऊन आल्यावर धुणं धुतलं. पोरांना अंघोळी घातल्या. आज यात हात घालवंल का?"

माझा चेहरा उतरला. तो फेस होता. आळंदीच्या घाटाजवळ असाच फेस गेल्या काही वर्षांत अनेकदा दिसला आहे आणि वारकऱ्यांनी त्यातच उभे राहून स्नान केले आहे. साबणाचा आणि रसायनांचा अंश असलेले सांडपाणी बंधाऱ्यावरून आदळले की फेस धरते. त्याच सांडपाण्यातल्या खतावर जलपर्णी माजते. ते पाणी शहराचे, कारखान्यांचे आणि खरे बोलायचे तर आपल्या गावोगावच्या गटारांचेही. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. येथे तर माझ्याच कॅमेऱ्याने मला फसवले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी ऊन चढल्यावर, काठाशी बसून जवळून फोटो काढले. दगडावर बसलेला काळा चिकट थर, फेसात अडकलेल्या पिशव्या, पाण्यापासून दूर उभी राहिलेली तहानलेली गाय. हे फोटो सुंदर नाहीत. पण पहिला आणि हा, असे दोन्ही शेजारी ठेवून मी ग्रामसभेत दाखवले. नदी त्याने निर्मळ झाली नाही. मात्र आमच्या आळीतली चार घरे आता सांडपाणी शोषखड्ड्यात सोडतात. सुरुवात म्हणून एवढे पुरे.

आधी विचारावे

फाल्गुनात चाकणच्या बाजारात गेलो. चाकणचा कांद्याचा बाजार प्रसिद्धच. कांद्याच्या ढिगामागे एक म्हातारी बसली होती. चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, कपाळावर ठसठशीत गोंदण. मी न विचारता कॅमेरा रोखला. तिने पदर तोंडावर ओढला आणि ठणकावले, "आरं बाबा, मला काय जत्रंतलं चित्र समजलास का? कांदा घ्यायचा तर घे, न्हाईतर फुडं व्हय."

चूक माझीच होती. आपल्या दारात येऊन न विचारता कुणी आपल्या लेकीसुनांचे फोटो काढले, तर आपल्याला चालेल का? मी पाच किलो कांदा घेतला, खाली बसलो, पीकपाण्याची चौकशी केली. उठताना तीच म्हणाली, "काढ आता. पर मला बी एक दे." पुढच्या बाजाराला मी फोटोची प्रत नेऊन दिली. तेव्हापासून माझा नियम ठरला. आधी राम राम, मग परवानगी, मग फोटो, आणि कबूल केलेली प्रत पोचती करायची.

जिजीची विहीर

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो, ते सांगतो. माझ्या थोरल्या चुलतीला आम्ही जिजी म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. चैत्रात ती एक दिवस काठी टेकत आली आणि म्हणाली, "सगळ्या गावाचं फोटू काढतोस, माझा कधी काढनार? मेल्यावर भिताडाला लावाय काढता, त्यो जित्तेपणी दाखव की एकदा."

तिचा एकही धड फोटो घरात नव्हता. एका लग्नाच्या घोळक्यात मागच्या रांगेत अर्धा चेहरा, आणि एक आधार कार्डावरचा. तो दाखवला तर म्हणते, "ती बाई म्या न्हवं."

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतले हिरवे नऊवारी नेसून आली. मी अंगणात खुर्ची मांडली होती. ती म्हणाली, "हितं न्हाई. मळ्यात."

आमचा तो मळा वसाहतीत गेला, त्याला बरीच वर्षे झाली. मोबदला मिळाला, त्यात घर झाले, मुलांची शिक्षणे झाली. मळ्यातली विहीर जिजीने आणि काकांनी १९७२ च्या दुष्काळात खणली होती. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी घरच्या विहिरीचा मुरूम डोक्यावरून काढायचा. पुढे त्या विहिरीवर वीस वर्षे ऊस उभा राहिला. आता ती बुजली आहे आणि तेथून एक उंच भिंत जाते. भिंतीबाहेर एक आंबा तेवढा राहिला आहे.

जिजी आंब्याखाली उभी राहिली. झाडाला कैऱ्या लागल्या होत्या. मी चौकट अशी धरली की आंबा आणि जिजी येईल, भिंत दिसणार नाही. फोटो चांगला दिसावा म्हणून. तिच्या ते ध्यानात आले. म्हणाली, "भित बी घे."

"जिजी, भिंत चांगली नाही दिसत."

"आरं लेका, हिरीवरच हाय ती. भित न्हाई घेतलीस, तर हीर कुठं व्हती ते पोरांना कसं कळंल?"

मी मागे सरकलो. भिंतीसकट फोटो घेतला.

चाकणहून मोठी प्रत करून आणली. मला वाटले, जिजी आपला चेहरा निरखील. तिने तो पाहिलाही नाही. भिंतीवर बोट ठेवले आणि सुनांना, नातवंडांना सांगत बसली. इथे थारोळं होतं. इथून पाट निघायचा. इथे तुझा आजा दुपारी घोंगडी टाकून निजायचा. तास गेला. पोरे गप्प ऐकत होती. त्यांतल्या एकानेही ती विहीर पाहिलेली नाही.

मला मात्र लाज वाटली. जमीन गेली तेव्हा आम्ही मोजणी पाहिली, कागद पाहिले, चेक पाहिला. सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर विहिरीची नोंद तेवढी आहे. पण त्या विहिरीचा एक फोटो काढावा, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

ज्यांच्या घरी कॅमेरा आहे त्यांच्यासाठी

मंडळी, कॅमेरा नसेल तर मोबाइल असतोच. शेतकऱ्याला फोटोचा उपयोग नाही असे समजू नका. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हा आपल्या पिकाचा फोटो बांधावर उभे राहून आपणच काढायची पाळी आली. ज्याला उजेडाकडे पाठ करून स्पष्ट फोटो काढता येतो, त्याचे काम पहिल्या खेपेला होते.

सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचे शेवटचे दोन तास फोटोला उत्तम. भर दुपारी डोळ्यांखाली सावल्या पडतात. तेव्हा माणसाला झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत बसवावे. लहान मुलाचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढावा. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा. धान्याच्या कोठीत किंवा दमट फडताळात ठेवू नये. भिंग धोतराच्या सोग्याने पुसू नये. आधी धूळ फुंकून उडवावी, मग मऊ स्वच्छ फडके फिरवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. फोटो नुसते यंत्रात ठेवू नका. मोबाइल हरवतो, कार्ड बिघडते. वर्षाकाठी निवडक वीस-पंचवीस फोटोंच्या प्रती काढा, मागे पेन्सिलीने नाव, ठिकाण आणि साल लिहा, आणि पेटीत ठेवा.

आपल्या घरात जे आज आहे आणि उद्या नसेल, त्याची एकदा मनाशी यादी करा. आजीचे जाते, आजोबांचे खिल्लार, बांधावरची बाभळ, जुने मातीचे घर, विहीर. बारशाचे फोटो सगळेच काढतात. पण विहिरीचे बारसे कुणी करत नाही आणि तिच्या जाण्याचे सुतकही कुणी धरत नाही.

येत्या भाद्रपदी पोळ्याला आमच्या आळीत बैलांच्या दोनच जोड्या उरल्या असतील. मी त्या दोन्ही टिपणार आहे. सौ. आता नव्याचे नऊ दिवस म्हणत नाही. परवा तिनेच कॅमेऱ्याच्या डब्यातल्या पुड्या उन्हात वाळवून ठेवल्या होत्या.