मोहाला पालवी फुटण्याआधी

आलापल्लीहून भामरागडकडे जाताना कौलांवरच्या सगळ्या डिश एकाच बाजूला तोंड करून असतात, आग्नेयेला. कुणी वळवल्या त्या, हे पाहायचं होतं. म्हणून मार्चमध्ये एका डिश बसवणाऱ्या पोरासोबत गेले.

टोल्यावर मोहफुलं वाळत घातली होती. त्या गोड, आंबूस वासात तो पाना घेऊन छपरावर चढला आणि आधी अंगणातला मोह न्याहाळत बसला. झाडावर तेव्हा पान नव्हतं.

"ताई, उपग्रह 36 हजार किलोमीटरवर हाये. तिथून सिग्नल बरोबर येते. अडते थे या शेवटच्या वीस फुटांत."

दूरदर्शनची फ्री डिश ज्याच्यावरून दिसते तो जीसॅट-15 नोव्हेंबर 2015 मध्ये सुटला. 93.5 अंश पूर्व रेखांशावर, सुमात्राच्या पश्चिमेला भर समुद्रावर, नेमका विषुववृत्ताच्या माथ्यावर तो आहे. सेकंदाला तीन किलोमीटर धावतो. पृथ्वीच्या एका गिरकीत त्याची एक फेरी होते, म्हणून इथून तो जागचा हलत नाही. त्याहून खाली उपग्रह पुढे पळतो, वर गेला की मागे पडतो. हे जमतं ते त्याच 36 हजारांवर. भामरागडहून पाहिलं तर क्षितिजापासून साधारण 63 अंश वर.

उपग्रह हलत नाही, पण जंगल हलतं. मार्चमध्ये मोहाच्या उघड्या फांद्यांतून चित्र स्वच्छ येतं. मग पालवी फुटते, त्यावर पाऊस साचतो आणि पडदा काळा होतो. कुठलं झाड केव्हा पानावर येतं हे त्या पोराला पाठ आहे. माझ्या लेखी ही विद्या उपग्रह उडवणाऱ्यांच्या विद्येइतकीच मोलाची.

मोह तोडण्याचा विषयही निघाला नाही. घरची मिळकत त्या फुलांवर. डिश गोठ्याच्या छपरावर गेली. बोल्ट आवळले, केबल ओढली. बोटभर ढळली तरी चित्र जातं, म्हणून शेवटचा आटा त्याने श्वास रोखून फिरवला.

चित्र आलं. आजी समोर येऊन बसली. तिला माडिया येते, मराठी थोडीच. त्याने एकेक चॅनेल लावून दाखवलं. माडिया कुठेच ऐकू आली नाही. 36 हजार किलोमीटरवरून इतकं सगळं येतं आणि तिची भाषा येत नाही, याचा मला राग आला. आजीने मात्र त्याला एवढंच विचारलं, की केबलचे जास्तीचे पैसे किती झाले.