जपानचा कोश उघडण्याआधी

जपानच्या समाजजीवनावर इंग्रजीत भरवशाचं काही हवं असेल, तर कोदान्शा या टोकियोच्या प्रकाशनसंस्थेने १९८३ साली काढलेला नऊ खंडांचा ज्ञानकोश हाताशी घ्यावा. पण पहिला खंड उघडून बसू नका. सुरुवात नवव्यापासून करा, त्यात सूची आहे. चहाचा विधी वाचायचा, तर त्याचं वर्णन एका ठिकाणी, तो घडवणारा सेन नो रिक्यू दुसरीकडे आणि त्याच्याभोवती वाढलेली राकु घाटाची भांडी तिसरीकडे. या वाटा सूचीशिवाय सापडत नाहीत.

मग स्पेलिंग. हे हेपबर्न पद्धतीचं. हेपबर्न हा अमेरिकन मिशनरी डॉक्टर, त्याच्या जपानी-इंग्रजी शब्दकोशामुळे ती रूढ झाली. दुसरी, कुन्रेई नावाची पद्धतही आहे. तिच्यात फुजी पर्वत ‘एफ’ऐवजी ‘एच’पासून सुरू होतो, म्हणजे भलत्याच अक्षराखाली शोधायची वेळ. अक्षरावरची आडवी रेघ स्वर लांबवते. ती शोभेची नव्हे : ओनो आणि ओऽनो ही दोन वेगळी आडनावं आहेत.

आडनाव आधी, नाव नंतर. नात्सुमे सोसेकी या कादंबरीकाराच्या नावातलं नात्सुमे हे आडनाव. जपानी माणूस मात्र त्याला सोसेकीच म्हणतो, आणि तेही टोपणनाव; खरं नाव किन्नोसुके. तेव्हा लेखक, कवी एका नावाने सापडला नाही तर दुसऱ्याने पाहावा.

खरी गोची तारखांची. जपानी वर्ष सम्राटाच्या किंवा कालखंडाच्या नावाने मोजतात. शक संवताला जसे आपण ७८ मिळवतो, तसे इथे मेइजी वर्षाला १८६७, ताइशोला १९११ आणि शोवाला १९२५ मिळवायचे. इथवर सोपं. पण १८७२ अखेरपर्यंत जपान चांद्र-सौर पंचांगाने चालत होता. मेइजी ५ च्या बाराव्या महिन्याची तीन तारीख उजाडली तीच १ जानेवारी १८७३ म्हणून. त्याआधीच्या तारखांत वर्षाची बेरीज बरोबर येऊनही उत्तर चुकतं. सत्तेचाळीस रोनिनांनी, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंनी, धन्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी किरा योशिनाकाच्या वाड्यावर हल्ला केला, तो गेन्रोकु १५ च्या बाराव्या महिन्यात. गेन्रोकु १५ म्हणजे १७०२, म्हणून बऱ्याच पुस्तकांत १७०२ छापलेलं असतं. प्रत्यक्षात आपल्या कॅलेंडरने ती जानेवारी १७०३ ची अखेर होती. टोकियोच्या सेन्गाकुजी मंदिरात त्यांचा स्मरणोत्सव भरतो तो मात्र १४ डिसेंबरला, जुना महिना-दिवस तसाच नव्या कॅलेंडरवर बसवून! दोन पुस्तकांत वर्षाचा फरक दिसला, की आधी लेखकाला दोष न देता महिना कोणता ते पाहावं.

एवढं जमलं की कोश भराभर वाचता येतो. मात्र इतिहास, साहित्य, धर्म, चालीरीती यांच्यासाठीच त्याच्यावर विसंबा. लोकसंख्या, उद्योग, शिक्षण यांचे आकडे ताज्या स्रोतांतून घ्या. हा कोश शोवा ५८ मधला आहे. १९८९ ला सुरू झालेला हेइसेइ आणि २०१९ चा रेइवा हे दोन्ही कालखंड त्याच्या नंतरचे.