पेशा बदलणाऱ्या शिक्षकाची भीड

शिक्षकाची नोकरी एकदा लागली की ती निवृत्तीपर्यंत सोडायची नसते, असा आपल्या मध्यमवर्गाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. या समजाचे आर्थिक आधार गेल्या पाव शतकात एकेक करून निखळले आहेत. २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि नव्या शिक्षकाच्या वाट्याला पहिली तीन वर्षे मानधन आले. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन राहिले नाही. मार्च २०२३ मधील संप त्याच प्रश्नावर झाला. विनाअनुदानित शाळांत किंवा तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची स्थिती तर सर्वांना ठाऊकच आहे. तेव्हा चाळिशीच्या आसपासचा एखादा शिक्षक दुसऱ्या व्यवसायाकडे पाहू लागला, तर त्याला पळपुटा ठरविण्याचे कारण नाही. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत होते; आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्पातील शाळेचे मुख्याध्यापक होते. दोघांनीही पुढे शाळेबाहेरची वाट धरली, म्हणून त्यांच्या शिक्षकपणाला कोणी उणे लेखत नाही.

अशा शिक्षकाला पात्रतेपेक्षा भीडच अधिक आडवी येते. जाहिरात वाचावी, अर्ज करावा, परीक्षा द्यावी आणि यादीत आपले नाव शोधावे, ही नोकरीची एकच वाट त्याच्या परिचयाची असते. त्या वाटेची थोरवी कमी नाही. ज्यांच्या घराण्यात कोणाचीही कोठे ओळख नव्हती, अशा असंख्य मुलांना तिनेच नोकरीपर्यंत नेले. परंतु खासगी व्यवसायातील पुष्कळ जागा जाहिरातीपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि तेथे कोणाला तरी जाऊन भेटावे लागते. नेमकी येथेच शिक्षकाची जीभ अडखळते. आजवर लोक त्याच्याकडे आले, प्रवेशासाठी, दाखल्यासाठी, मुलाच्या काळजीने. आता आपण कोणाचे उंबरठे झिजवायचे, ही कल्पनाच त्याला सोसत नाही. त्यातून ‘नेटवर्किंग’ हा शब्द कानावर पडला म्हणजे समारंभात कार्डे वाटत फिरणारा, उगाच हसणारा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

या संकोचाच्या मुळाशी एक गल्लत आहे. ओळख आणि वशिला या दोन गोष्टी आपण एकच मानतो. योग्य माणसाला डावलून आपली वर्णी लावून घेणे हा वशिला. मात्र “तुमच्या कामाचे स्वरूप काय, त्यात माझ्यासारख्याला काय शिकावे लागेल,” असे विचारणे ही निव्वळ पृच्छा आहे. तिने कोणाचा हक्क बुडत नाही आणि विचारणारा मिंधाही होत नाही. प्रश्न विचारण्यावर ज्याने पोट भरले, त्याने प्रश्न विचारण्याची लाज बाळगावी, हा विरोधाभासच म्हणायचा.

विचारावे कोणाला, याबद्दल समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ मधील निबंध प्रसिद्ध आहे. बोस्टनजवळच्या न्यूटन गावी त्यांनी नोकरी बदललेल्या पुरुषांची पाहणी केली. ज्यांना ओळखीतून काम मिळाले, त्यांपैकी जेमतेम सहाव्या हिश्शाची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडत असे. इतरांची ओळख प्रसंगोपात्त भेटीची किंवा क्वचित भेटीची होती. नमुना लहान होता, हे खरे. पण २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही फार घट्ट नव्हेत आणि अगदी नावापुरत्याही नव्हेत, अशा ओळखी अधिक उपयोगी ठरल्या. कारण उघड आहे. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. शिक्षकाच्या बाबतीत हे विशेषच खरे. त्याचे मित्र शिक्षक, डी.एड.चे सोबती शिक्षक, पुष्कळदा पत्नी किंवा पतीही शिक्षक. शिक्षकखोलीत बदल्यांची आणि वेतनश्रेणीची बातमी सर्वांआधी कळते. बाहेरच्या जगाची मात्र कळत नाही.

ओळख ही ज्याची त्याला जन्माने मिळते, म्हणून हा मार्ग सुखवस्तूंचाच, असा आक्षेप कोणी घेईल. तो पुष्कळ अंशी रास्त आहे. शिक्षक मात्र या बाबतीत भाग्यवान. पंधरा वर्षे शिकविणाऱ्याच्या हाताखालून हजारावर मुले सहज जातात, आणि तीही सर्व थरांतील घरांची. त्यांतील कोणी बँकेत, कोणी छापखान्यात, कोणी औषधाच्या कारखान्यात स्थिरावलेला असतो. “सर, तुम्ही?” असे म्हणून तो खुर्ची पुढे करील. एक पथ्य मात्र कडक पाळावे. ज्यांचे मूल आज आपल्या वर्गात आहे, त्या पालकापुढे हा विषय काढू नये. तेथे त्याला ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य नसते, आणि उद्या त्या मुलाच्या गुणांकडे सारा वर्ग संशयाने पाहील.

भेटीसाठी आधी पत्र किंवा निरोप धाडावा, अर्धाच तास मागावा, कचेरीच्या वेळेत कचेरीतच भेटावे. शिक्षिकांना तर हे अधिक सोयीचे. नोकरी मागू नये. निघताना आणखी कोणाला भेटावे एवढे विचारावे आणि त्या भेटीतून काय निष्पन्न झाले ते आठवड्याभरात कळवावे. कळविण्याचा हा शिष्टाचार आपण फार विसरतो.

अशा भेटीचा खरा लाभ वेगळाच आहे. ‘अठरा वर्षांचा अध्यापनाचा अनुभव’ या शब्दांतून कारखान्याच्या व्यवस्थापकाला काहीच बोध होत नाही. दहावीच्या परीक्षेचे केंद्र चालविणे, मतदारयाद्यांचे काम घरोघर फिरून पुरे करणे, साठ मुलांच्या वर्गाचे वेळापत्रक बसविणे, चिडलेल्या पालकाला शांत करून परत पाठविणे, या साऱ्याला त्या क्षेत्रात कोणते नाव आहे, हे तेथला माणूसच सांगू शकतो. शिक्षकाला स्वतःला तर ती कामे वाटतच नाहीत. तो त्यांना कटकट म्हणतो.

राहता राहिला प्रश्न मुहूर्ताचा. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे कायम शिक्षकाला तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. ती अशा बेताने द्यावी की दहावीचा वर्ग अर्ध्यावर सुटणार नाही. त्या हिशेबाने गाठीभेटींचा आरंभ दिवाळीच्या सुटीत करावा. त्या दिवसांत बाहेरगावी नोकरीला असलेले जुने विद्यार्थीही गावी आलेले असतात.