सुकाणू यंत्राकडे, नजर आपल्याकडे

हजीराहून घोघ्याला जाणाऱ्या रो-रो फेरीत आपल्यापैकी बरेच जण बसले असतील. रस्त्याने साधारण ३७० किलोमीटरचा वळसा, समुद्रातून मात्र ९० किलोमीटर. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्हीही गेलो. डेकवर उभं राहून चिवडा खाताना माझ्या मुलीला लांबवर मासेमारीची एक बोट दिसली. तिने मोबाईलचा कॅमेरा झूम केला आणि म्हणाली, "बाबा, मागे दोघं जण जाळं निवडतायत, पण केबिनमध्ये कुणीच नाहीये. बोट कोण चालवतंय?"

"ऑटोपायलट असेल," मी म्हणालो.

"म्हणजे आपल्या गाडीतल्या क्रूझ कंट्रोलसारखं?"

"थोडंसं तसंच."

हे 'थोडंसं' किती फसवं आहे, ते मी मामांच्या बोटीवर शिकलो होतो. माझं आजोळ उंबरगावच्या बाजूला. मामांची बोट चाळीस फुटी, लाकडी, जाळ्याने पापलेट-घोळ पकडणारी. सुरतेत टंडेल आडनावाचा एखादा वर्गमित्र बहुतेकांना असतो. तो शब्द मुळात बोट चालवणाऱ्या तांडेलाचा. मामा स्वतःच तांडेल. पण साठी उलटली, खांदा दुखायला लागला आणि रात्रभर सुकाणू धरून बसणारे खलाशीही मिळेनासे झाले. म्हणून एका पावसाळी बंदीत त्यांनी ऑटोपायलट बसवायचं ठरवलं आणि "तू इंजिनिअर आहेस ना?" म्हणून मला बोलावून घेतलं.

यंत्र करतं तरी काय?

या यंत्राचे भाग पाच. बोटीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणारं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. हिशेब करणारा छोटा संगणक. सुकाणू प्रत्यक्ष ढकलणारा विजेचा दांडा किंवा हायड्रॉलिक पंप. सुकाणू किती वळलं ते कळवणारा सेन्सर. आणि केबिनमधला बटणांचा डबा. दिशा ठरवून 'ऑटो' दाबलं की बोटीचं तोंड डावी-उजवीकडे सरकताच यंत्र सुकाणू हलवून ते परत जागेवर आणतं.

इंजिनिअरिंगच्या मुलांनी अभ्यासलेलं पीआयडी कंट्रोल ते हेच. त्याचा उगमही समुद्रावरचाच. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजांच्या आपोआप सुकाणूवर निबंध लिहिला, तो अनुभवी सुकाणी काय करतो ते पाहून. चांगला सुकाणी फक्त आत्ताची चूक बघत नाही. बोट किती वेगाने वळतेय आणि बराच वेळ एकाच बाजूला ओढली जातेय का, हेही त्याचा हात ओळखतो. तेच मिनोर्स्कींनी गणितात मांडलं. थोडक्यात, या डब्यात तांडेलाचा हात आहे. तांडेलाचे डोळे त्यात नाहीत.

बसवताना

पहिला प्रश्न यंत्राच्या ताकदीचा. दुकानात बोटीची लांबी विचारतात, पण महत्त्वाचं आहे ते भरलेल्या बोटीचं वजन. बर्फ, डिझेल, पाणी, जाळी आणि मासळी धरून जे वजन होईल, त्यावर आणखी वीस टक्के धरून यंत्र निवडावं. कमी ताकदीचं यंत्र शांत पाण्यात छान चालतं आणि नेमकं वादळी पाण्यात दमतं. आउटबोर्ड इंजिनाच्या छोट्या फायबर होडीला दांड्याला जोडायचं साधं यंत्र पुरतं. मामांच्या बोटीला चाक, साखळी आणि तारेचं सुकाणू होतं. तिथे ढकलणारा दांडा थेट सुकाणूच्या खांबाला जोडावा लागतो.

त्याआधी जुनं सुकाणू दुरुस्त करून घ्यावं. साखळी सैल असेल, चाक चार बोटं नुसतंच फिरत असेल, तर यंत्र ती ढिलाई भरून काढायला रात्रभर इकडून तिकडे धावत राहतं, बॅटरी खातं आणि स्वतः झिजतं. आमचे पहिले दोन दिवस यातच गेले.

विजेचं काम जपून करावं. यंत्राला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतःचा फ्यूज आणि हाताशी असलेला स्विच हवा. वायर टिन चढवलेल्या तांब्याची असावी, कारण खारी हवा साधं तांबं आतून हिरवं करून टाकते. वायर डब्यात शिरण्याआधी खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. दांड्याला जोडलेलं सुकाणू हातानेही सोडवता आलं पाहिजे. यंत्र अडकलं तर पाना शोधत बसायला वेळ नसतो.

सगळ्यात नाजूक गोष्ट होकायंत्राची जागा. ते बोटीच्या मध्याजवळ, खाली, कमी हलणाऱ्या ठिकाणी बसवायचं. इंजिन, वायरलेस, स्पीकर, लोखंड आणि जाड वायरींपासून निदान एक मीटर दूर. इथे चूक माझी झाली. वायर कमी पडत होती, म्हणून मी ते केबिनमधल्या बाकाखाली बसवून टाकलं.

डोंगर चालायला लागला

बंदरात बोट बांधलेली असताना आधी सुकाणूच्या दोन्ही टोकांच्या मर्यादा ठरवल्या. लोखंडी अडथळ्याला टेकण्याआधीच यंत्र थांबलं पाहिजे, नाहीतर दांडा वाकतो. 'डावीकडे' दाबल्यावर सुकाणू खरंच डावीकडे वळतं ना, तेही पाहिलं. वायरी उलट्या जोडल्या गेल्या, तर यंत्र चूक सुधारण्याऐवजी वाढवत नेतं.

दसऱ्यानंतर, भांगाच्या दिवशी, पाणी थांबलेलं असताना आम्ही बाहेर पडलो. मोकळ्या पाण्यात बोट सावकाश गोल फिरवली, म्हणजे होकायंत्राला बोटीवरच्या लोखंडाची ओळख होते. मग किनाऱ्याची दिशा धरून 'ऑटो' दाबलं. पडद्यावरचा आकडा जागचा हलेना. मी खूश. एका खलाशाने गाणी लावली.

थोड्या वेळाने मामा म्हणाले, "भाच्या, महालक्ष्मीचा डोंगर कधीपासून चालायला लागला?"

डहाणूजवळचा महालक्ष्मीचा सुळका आमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची जुनी खूण. तो आमच्या नाळेपासून हळूहळू सरकत होता. आकडा तोच, बोट मात्र वीसेक अंश वळलेली. खलाशाने ब्लूटूथ स्पीकर बाकावर ठेवला होता आणि त्यातल्या चुंबकाने खालच्या होकायंत्राला वेडं केलं होतं. यंत्र आपलं काम चोख करत होतं, फक्त त्याची उत्तर दिशा बदलली होती. मी पडद्याकडे बघत होतो, मामा डोंगराकडे. दुसऱ्या दिवशी लांब वायर आणून होकायंत्राची जागा बदलली.

नाक सरळ, वाट तिरकी

दुसरा धडा आपल्या खंभातच्या आखाताचा. भावनगरच्या बाजूला मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो. एवढं पाणी आत-बाहेर करतं, ते नदीसारख्या वेगाने.

समजा, बोट ताशी ६ सागरी मैल चालतेय आणि आडवा प्रवाह ३ मैलांचा आहे. साध्या 'ऑटो'वर यंत्र नाक बरोबर पूर्वेला धरून ठेवेल, पण तासाभरात बोट ३ मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, बाजूला गेलेली असेल. जीपीएसला जोडलेलं यंत्र नाक तीसेक अंश तिरकं धरून रेषेवर राहतं, पण ते रेषेवरच्या वाळूच्या दांड्यावरूनही सरळ नेतं. आखातात असे वाळूचे पट्टे पुष्कळ आहेत, आणि तापीच्या मुखाशी गाळ जागा बदलत राहतो. म्हणून यंत्र आत्ता कुठल्या पद्धतीवर आहे, नुसत्या दिशेवर की जीपीएसच्या रेषेवर, हे चाकावरच्या माणसाला कायम ठाऊक हवं.

मोठमोठी जहाजं इथेच फसली आहेत. १८ मार्च १९६७ ला 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येला खडकावर आदळलं. शेवटच्या क्षणी चाक फिरवलं तरी जहाज वळेना, कारण सुकाणूचा खटका भलत्याच जागी होता. ते लक्षात येईपर्यंत उशीर झाला आणि सुमारे १ लाख २० हजार टन तेलाचं संकट किनाऱ्यांवर आलं. १० जून १९९५ ला 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ वाळूत रुतलं. जीपीएसच्या अँटेनाची वायर सुटली होती. यंत्र दीड दिवस नुसत्या अंदाजाने चालत राहिलं आणि जहाज १७ मैल भरकटलं. जहाजावर दीड हजारांहून जास्त माणसं होती. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही.

आठ मिनिटं

आता खरी भीती. हजीराच्या बंदरात मोठी जहाजं ये-जा करतात. समोरून १५ मैल वेगाने जहाज येतंय, आपली बोट ६ मैलांनी चालतेय. तीन सागरी मैलांवर दिसणारं ते जहाज साडेआठ मिनिटांत आपल्यावर येतं. स्टोव्ह पेटवून चहा करून प्यायला लागतो तेवढाच वेळ. ऑटोपायलटला जहाज दिसत नाही, लाकूड दिसत नाही, दुसऱ्याच्या जाळ्याचे बोये आणि डोलीचे खुंटही दिसत नाहीत. म्हणून टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो: प्रत्येक बोटीवर सतत डोळ्यांनी आणि कानांनी पहारा हवा.

साधी खूणगाठ: लांबचं जहाज जवळ येतंय आणि आपल्याला कायम एकाच दिशेला दिसतंय, तर टक्कर ठरलेली. ताबडतोब यंत्र काढून हाताने वळवा. आणि एक गैरसमज: 'आम्ही मच्छीमार, मोठ्या जहाजाने वाट द्यावी.' ही सवलत प्रत्यक्ष मासेमारी चालू असतानाची आहे, आणि अरुंद खाडीत तीही चालत नाही. घरी परतणारी बोट नियमाच्या दृष्टीने साधी मोटारबोट. तेव्हा मासेमारीचे दिवे लावणं म्हणजे समोरच्याला फसवणं.

दुसरी भीती माणूस पडण्याची. ६ मैल म्हणजे सेकंदाला तीन मीटर. एकटा माणूस रात्री कडेला गेला आणि घसरला, तर बोट त्याच्यासाठी थांबत नाही. मिनिटभरात ती १८५ मीटर पुढे गेलेली असते, नाक अगदी सरळ ठेवून.

तिसरी भीती आपल्या लोकांना चांगली माहीत आहे. सौराष्ट्राच्या बोटींवर वलसाड, नवसारी आणि पालघरची कितीतरी मुलं खलाशी म्हणून जातात. कच्छच्या समुद्रात सरहद्दीची रेषा पाण्यावर आखलेली नसते. ती ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षं अडकलेल्या मच्छीमारांची घरं आपल्याच पट्ट्यात आहेत. तिथे यंत्रावर बोट सोडून झोपणं म्हणजे सात-आठ घरांचा संसार पणाला लावणं.

मदतीची साधनं वाढतायत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी बोटींसाठी एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. संकटात निरोप पाठवणं, हवामानाचा आणि सरहद्दीचा इशारा मिळणं त्यातून शक्य होतं. कोस्ट गार्डचा १५५४ हा नंबरही आहे. पण इशारा ऐकायला कुणीतरी जागं असावं लागतं.

मामांचे नियम

मामांनी केबिनमध्ये खडूने नियम लिहून ठेवलेत:

- बंदरात, खाडीत, गर्दीत आणि जाळ्यांजवळ ऑटो नाही.
- ऑटो चालू असताना चाकाजवळ एक माणूस, जागा आणि लाईफ जॅकेट घातलेला.
- दर तासाला माणूस बदलायचा. बदलताना दिशा, पद्धत आणि समोर काय दिसतंय ते तोंडी सांगायचं.
- दिशा चुकल्याचा भोंगा आणि पहाऱ्याचा गजर कधीही बंद करायचा नाही.
- रोज थोडा वेळ हाताने चालवायचं.
- 'स्टँडबाय'चं लाल बटण स्वयंपाक करणाऱ्या पोरालाही माहीत हवं.

खांदा आता कमी दुखतो, असं मामा म्हणतात. यंत्राचा फायदा त्यांना मान्य आहे: हात मोकळे झाले, म्हणून चारी बाजूंना बघायला सवड मिळाली. ज्याने ती सवड झोपेत घालवली, त्याच्यासाठी हे यंत्र नाही.

यंदा नारळी पौर्णिमेला आम्ही आजोळी गेलो, तेव्हा मुलीने मामांना तोच प्रश्न विचारला, "आजोबा, हे क्रूझ कंट्रोलसारखंच ना?" मामांनी बंदरात बांधलेल्या बोटीत तिला चाकापुढे बसवलं, तिचं बोट लाल बटणावर ठेवलं आणि म्हणाले, "आधी हे दाबायला शीक. चालू करायचं नंतर सांगतो."