पिरान्हाचे दात

मुलाच्या हट्टापायी हुबळीहून 'पिरान्हा' म्हणून लाल पोटाचे तीन मासे धारवाडच्या घरी आणले. पाहुण्यांची बालके टँकपासून हातभर दूरच राहत. पुढे एक मासा दगावला, तेव्हा सवयीने त्याचे तोंड उघडून दात पाहिले. पिरान्हाचे दात त्रिकोणी, पात्यासारखे. हे तर माणसाच्या दाढांसारखे! म्हणजे हा पाकू, बाजारातला रूपचंद. मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, मुख्यतः फळे-बिया खाणारा. बालवयात मात्र हुबेहूब पिरान्हा. (दात न तपासता निदान केले, तेही बालरोगतज्ज्ञाने!)

रूपचंद काही किलोंपर्यंत वाढतो. वर्षभरात टँक अपुरा पडला. "बाबा, उणकल तळ्यात सोडू या," मुलगा म्हणाला. मी साफ नकार दिला. परका मासा तळ्यात रुजला, तर त्याला पुन्हा बाहेर काढणे जवळजवळ अशक्य. आता सोफ्याच्या जागी सहा फुटी टँक आहे. सौभाग्यवतींचा अबोला अद्याप सुटलेला नाही.