चोवीस तास पाणी आणि पाणी सोडणारे हात

‘पाण्याचे खाजगीकरण’ हा शब्द बेळगावात गेली वीस वर्षे कानावर पडतो. कोणी म्हणते पाणी विकले, कोणी म्हणते बरे झाले. नेमके काय दिले गेले, ते आधी पाहू.

राकसकोप व हिडकलचे पाणी शहरात काही दिवसांआड, तेही ठरावीक वेळ येई. पाणी बंद असताना रिकाम्या पाइपात फुटक्या सांध्यांतून गटारीचे पाणी शिरते. पाइप सतत दाबाने भरलेला असला की ते शिरत नाही. चोवीस तास पाण्याचा मुख्य फायदा हा, सोय नंतरची.

२००४ मध्ये जागतिक बँकेने कर्नाटकासाठी ३ कोटी ९५ लाख डॉलर कर्ज मंजूर केले. त्यातून बेळगाव, हुबळी-धारवाड व गुलबर्गा येथील सुमारे १० टक्के वस्तीत नवे पाइप घातले, मीटर बसवले आणि २००८ पासून चोवीस तास पाणी सुरू झाले. व्यवस्था पाहणारी कंपनी फ्रान्सची, व्हिओलिया. पण भांडवल तिचे नव्हते. पैसा सरकारचा, पाइप सरकारी, दरही तिने ठरवायचे नव्हते. तिला कामाची फी मिळे. तेव्हा ‘पाणी विकले’ हे खरे नाही. ‘कंपनीने करून दाखवले’ हेही अर्धेच खरे, कारण तेवढाच पैसा आणि तेच नवे पाइप महापालिकेच्या हाती देऊन कोणी पाहिलेच नाही! पुढे सगळ्या शहराचे काम लार्सन अँड टुब्रोकडे गेले.

आता नोकरीचा प्रश्न. गल्लोगल्ली चावी फिरवून पाणी सोडणाऱ्या वॉलमनचे काम चोवीस तास पाण्यामुळे कमी होते. गळती शोधणे, मीटर पाहणे वाढते. म्हणजे काम राहते, मालक बदलतो. महापालिकेच्या मंजूर पदावर पगार, रजा, बढती नियमाने मिळते. ठेकेदाराकडच्या माणसाची नोकरी ठेक्याच्या मुदतीएवढी.

वर्षानुवर्षे राबले की आपोआप कायम होतो, असा समज अनेक घरांत आहे. कर्नाटकातल्याच उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की, रीतसर भरती न होता केवळ दीर्घकाळ काम केल्याने कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर पदांवर दहा वर्षे झालेल्या काहींसाठी एकदाच सवलत दिली, एवढेच. म्हणून पालकांनो, मुलाला ‘महापालिकेत’ काम लागले असे कोणी सांगितले, तर नेमणूकपत्रावर सही महापालिकेची की ठेकेदाराची, ते पाहून घ्या.